चोरखिशातली चिंधी

कमळे,

भजनाच्या सभागृहात तुझा फोटो लावलाय. खाली कोणीतरी सुबक अक्षरात लिहिलंय, 'आत्म्यास शांती लाभो'. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मनात म्हटलं, हिला कसली शांती? हिचा फोन अजून माझ्या सदऱ्याच्या खिशात वाजतोय.

तुझे दिवस झाले आणि तुझी निर्मला बेंगळुरूला परत गेली. जाताना तुझा फोन हातात घेऊन म्हणाली, "मामा, हा नंबर बंद करून टाकते. उगाच कोण कोण फोन करत राहतील." मी म्हटलं, "आण इकडे." तिला वाटलं, मामाला बहिणीची आठवण हवीय. डोळे भरून आले तिचे. मी तिचा गैरसमज दूर केला नाही. तू गेलीस हे निर्मलाला कळलं, मला कळलं, कोपऱ्यावरच्या फुलवालीलाही कळलं. पण ज्यांच्या पँटींत तुझा नंबर शिवलाय, त्यांना कोण सांगणार?

आणि तो शिवलाय मीच.

बाबांनी अभंग समोर ठेवून अक्षरं गिरवायला लावली होती, तेवढ्या बळावर हे लिहितोय. शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, हा वाद आपल्या घरात कधी मिटला नाही. तू शिकलीस, नर्स झालीस, इमर्जन्सी वॉर्डात जन्म काढलास. मी कातर धरली. उद्या हे दुसऱ्या कोणी वाचलं तर त्याला आपलं भांडण माहीत नसेल, म्हणून पहिल्यापासून सांगतो. तू मधे बोलू नकोस. जिवंतपणी एक गोष्ट कधी सरळ सांगू दिली नाहीस.

इथे तमिळ मुलखात, वेलचेरीत, बाबांचं आणि आता माझं दुकान म्हणजे एक शटर आणि एक खिडकी. नवे कपडे आता कोण शिवून घेतं? सगळं काम दुरुस्तीचं. जीन्स आखूड कर, कंबरेतली माया उसवून सैल कर, झिप बदल. कंपन्यांत कामाला जाणारी पोरं-पोरी येतात, मला 'तात्ता' म्हणतात. आजोबा म्हटल्याचं मला काही वाटत नाही, पण केस पिकलेला माणूससुद्धा 'तात्ता' म्हणायला लागला की राग येतो.

एक दिवस एक पोरगा नवी जीन्स घेऊन आला. कानात बाळी. म्हणाला, "तात्ता, कंबरपट्टीच्या आत एक छोटा खिसा पाहिजे. बाहेरून दिसायला नको."

"चोरखिसा? कशाला रे?"

"विभूती ठेवायला, तात्ता. कोविलातली. पाकिटात सांडते."

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! सगळे म्हणतात पोरं बिघडली, आणि हा पोटाशी देवळातला अंगारा बाळगतोय. मी त्याचं काम रांग मोडून आधी केलं. मग त्याचा मित्र आला. मग मित्राचा मित्र. दोन बोटं रुंद खिसा, आत मऊ अस्तर, सगळ्यांना विभूतीच ठेवायची. एक पोरगीही आली. मी म्हटलं, बायकाही भक्तीला लागल्या.

रविवारी तू रसमचा डबा घेऊन आलीस तेव्हा मी तुला छाती फुगवून सांगितलं. तू माझ्यासाठी सुया ओवून ठेवत होतीस, माझे डोळे अधू झाल्यापासून ते तुझं रविवारचं काम. ऐकलंस आणि हसायला लागलीस. हसता हसता सुई हातातून पडली. "अय्यो अण्णा, अय्यो!" शेजारचा इस्त्रीवाला डोकावून बघायला लागला. मग तू एकदम थांबलीस. ते तुझं थांबणं माझ्या कानात अजून आहे.

"अण्णा, ती विभूती कपाळाला लावत नाहीत. जिभेवर ठेवतात."

तू सांगितलंस. नाचाच्या गोळ्या, नाचाची पूड. खाल्ली की जग गोड वाटतं, शेजारचा परका भाऊ वाटतो. अंग तापतं ते कळत नाही, तहान कळत नाही, माणूस नाचत राहतो आणि आतून भाजत जातो. वर त्या गोळीत कोणी काय मिसळलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मी म्हटलं, "मला काय माहीत? त्यांच्या कपाळावर लिहिलं होतं?" तू म्हणालीस, "कपाळावर विभूती तरी होती का, ते बघायचं!"

हसून झालं. पण तुझ्या मनात तेव्हा तुमच्या ब्लॉकमधला तो मुलगा होता, हे मला नंतर कळलं.

त्याच्या आदल्याच आठवड्यात कोवलमच्या पुढे कुठल्या बंगल्यात पार्टी होती. तो पडला. मित्रांनी त्याला गाडीत मागच्या सीटवर निजवलं, एसी लावला आणि गाडी फिरवत राहिले. हॉस्पिटलात न्यावं तर पोलीस येणार, आईबापांना कळणार, नोकरी जाणार. कोणीतरी म्हणालं, झोपू दे, उतरेल. तो झोपलेला नव्हता. नंतर एक दिवस तू त्याच्या आईजवळ बसून आलीस आणि माझ्या दुकानात स्टुलावर टेकलीस. डबा आणला नव्हतास. म्हणालीस, "गोळीनं त्याला पाडलं, अण्णा. पण उचललं नाही ते भीतीनं."

मग तुमच्या सोसायटीनं सभा घेतली. तमिळमध्ये सगळे विळिप्पुणर्वु, विळिप्पुणर्वु म्हणत होते. लोकांना जागं करायचं म्हणे. सेक्रेटरीनं मोठा बॅनर करून आणला होता, त्यावर कवटी आणि दोन हाडं. सगळ्यांना पसंत. तू उठलीस. "कवटी बघून कोण भितं, सार? ह्यांच्या निम्म्या टी-शर्टांवर कवटी असते. माझ्या अण्णाला विचारा, तो रोज त्यांच्या बाह्या आखूड करतो."

सगळे हसले. मला मधे ओढायचं तुला काही कारण नव्हतं. मग मीही उठलो. मी म्हटलं, "पोलिसात द्या. एकाला आत टाकलं की बाकीचे सुधारतात. आमच्या वेळी बापाचा एक हात पुरत होता." टाळ्या पडल्या. खूप पडल्या.

शेअर ऑटोत तू माझ्याकडे बघत नव्हतीस.

"टाळ्या मिळाल्या. बरं वाटलं?"

"वाटलं. खोटं का बोलू?"

"तिसऱ्या रांगेत हिरव्या साडीतली बाई टाळ्या वाजवत होती. तिचा मुलगा त्या गाडीत होता. आज घरी जाऊन ती धाकट्याला काय सांगेल? काही झालं तर कोणाला सांगू नकोस, हेच ना?"

"मग काय आरती ओवाळायची?"

"विकणाऱ्याला धरा की. मी स्वतः पोलीस स्टेशनात येऊन नाव सांगते. पण पडलेल्याला आधी श्वास लागतो, अण्णा. वळण मागून लावता येतं."

मी म्हटलं, तू चोराला दिवा धरतेस. तू ऑटोवाल्याला म्हणालीस, "तंबी, ह्यांना इथेच उतरवा, ह्यांना चालत जायचंय." मी खरंच उतरलो. माझाही मान आहे. दुखऱ्या गुडघ्यांनी घरी आलो.

पुढच्या रविवारी तू पांढरी फीत छापून घेऊन आलीस. दोन बोटांएवढ्या तुकड्यावर तमिळ आणि इंग्रजीत बारीक अक्षरं. मला वाचून दाखवलंस. 'मित्राला एकटं सोडू नकोस. अँब्युलन्स बोलाव. काय घेतलं ते डॉक्टरला खरं सांग. घाबरलास तर मला फोन कर. मी ओरडणार नाही.' खाली तुझा नंबर.

"हे प्रत्येक चोरखिशात आतून शिवायचं."

"मी त्या पोरांना दुकानाची पायरी चढू देणार नाही."

"नको देऊस. पलीकडच्या गल्लीत झिपवाला बसलाय, तो शिवून देईल. त्याच्या खिशात माझी चिंधी नसेल."

"बाबांच्या दुकानात हे काम?"

"बाबांच्या दुकानात तू नाटकातल्या रावणाची चड्डी शिवली होतीस. दुकान बाटलं का?"

मी नाहीच म्हटलं. तेव्हा तू माझ्या मशीनवर बसलीस. तिथे एक जीन्स तयार होऊन पडली होती, तिच्यावर चालवलंस पायडल. अगं, काय ती शिलाई! गाय चालता चालता मुतल्यासारखी. जन्मभर माणसांना टाके घातलेस आणि कापडावर एक सरळ रेघ येईना. माझ्या दुकानातून असली वस्तू बाहेर जाणं शक्य नव्हतं. मी तुला उठवलं, तुझे टाके उसवले आणि चिंधी नीट लावून दिली. चारी बाजूंनी, कोपरे दुमडून, पोटाला टोचणार नाही अशी.

तू जग जिंकल्यासारखी बघत होतीस. तेव्हाही सांगितलं होतं, आताही लिहून ठेवतो. मी तुझं ऐकलं नव्हतं. शिलाई वाकडी होती म्हणून हात लावला.

त्यानंतर मात्र जो चोरखिसा मागायला आला त्याच्या खिशात चिंधी गेली. काही जणांनी परत आणून उसवून मागितली. मी म्हटलं, मी लावलेलं मी उसवत नाही, घरी ब्लेड असेल तर बघ. एक हसला. एकानं ती बोटानं चाचपली आणि जाताना चपला घालायचं विसरून दोन पावलं चालला. विभूतीचं नाव पुन्हा कोणी घेतलं नाही.

तुला फोन यायला लागले. बहुतेक चेष्टेचे. "अम्मा, बिर्याणी पार्सल मिळेल का?" तू म्हणायचीस, "मिळेल, पण तू जेवलास का सांग आधी." पलीकडचा गोंधळून जायचा. कधी मात्र तू उठून रस्त्यावर जायचीस, पदर तोंडाशी धरून हळू बोलायचीस, आणि परत आल्यावर तुला कॉफी गार झालेली कळायची नाही. मी विचारायचो, कोण होतं? तू म्हणायचीस, "राँग नंबर."

आपलं शेवटचं भांडण ह्यावरच झालं. मी विचारलं, "एक तरी वाचला का?"

"नाव सांगणार नाही."

"नाव कोण मागतंय? हो की नाही सांग."

तू सुई उजेडात धरून म्हणालीस, "तुला तुझी शिलाई कामाला आली का, ते ऐकायचंय. पोराचं काही नाही."

हे लागलं मला. मी म्हटलं, पुढच्या रविवारी येऊ नकोस. तू म्हणालीस, "सरी, बरं, नाही येत." आणि खरंच आली नाहीस. झोपेत गेलीस, कोणाला हाक न मारता. बाकीच्यांना हाक मारायला शिकवत होतीस, आणि स्वतःला ते जमलं नाही. ह्यावर मी तुझ्याशी भांडणार होतो. कोणाशी भांडू?

समुद्राकाठी तुझे पिंड ठेवले तेव्हा कावळा येईना. कोवलमकडून येणाऱ्या मासळीच्या टेंपोवर कावळेच कावळे, आणि तुझ्या भाताकडे एक फिरकेना. भटजी म्हणाले, "इच्छा राहिली असेल, बोला काहीतरी." निर्मला म्हणाली, "अम्मा, मी वेळेवर जेवीन." कावळा नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. काय बोलायचं ते मला माहीत होतं. फोन मी उचलीन, एवढंच म्हणायचं होतं. पण जे मला पटत नाही त्याचं वचन मी मेलेल्या माणसालाही देत नाही.

आणि तेव्हाच निर्मलाच्या पिशवीत तुझा फोन वाजला. माझे हात भातात आणि तिळात बरबटलेले. निर्मला रडत होती. भटजींनी डोळे वटारले. फोन वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला, थांबला. मग नाही वाजला. भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि विधी उरकला.

तो कोण होता, कमळे? बँकेचा असेल. चेष्टेखोर असेल. बिर्याणीवालाच असू दे.

तेव्हापासून हे शहर मला वेगळं दिसतं. वेलचेरी स्टेशनचा जिना चढताना पुढे एखादा पोरगा असतो, शर्ट वर सरकलेला, आणि कंबरपट्टीवर माझा टाका दिसतो. दुसऱ्या कोणाला दिसणार नाही, मला दिसतो. वाटतं, त्याच्या पोटाशी तू बसली आहेस. अंधारात, अस्तराच्या आत, डोळे उघडे ठेवून. गाडीत शेजारी कोणी बसलं की मी अंग चोरून घेतो. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यांत, कंपन्यांच्या काचेच्या इमारतींत, वाळत घातलेल्या दोऱ्यांवर, कुठे कुठे तू पसरली आहेस. प्रत्येकाला म्हणते आहेस, घाबरलास तर मला फोन कर. आणि तू नाहीस. एकेका पाठीवर हात ठेवून सांगावंसं वाटतं, बाबा रे, ती बाई गेली, तो नंबर खोटा झाला. पण विकून झालेलं कापड शिंप्याचं नसतं. ते परत कसं मागू?

तुझ्या फोनच्या कव्हरला तुझ्या बामचा वास आहे. तो वाजला की आधी वास येतो, मग आवाज. मी बघत राहायचो. नाव येत नाही, नुसते आकडे. गॅसवाला, विमेवाला, एकदा तर कोणी तुला घर विकत होता. मी हिरवं बटण दाबायचो आणि गप्प राहायचो. तेच मग कंटाळून ठेवायचे.

गेल्या रविवारी सकाळी शटर अर्धं वर केलं होतं. फुलवाली पहिली फेरी मारून गेली होती. फोन वाजला. मी दाबला.

एक पोरगी. धापा टाकत तमिळमध्ये बोलत होती. "अम्मा? अम्मा, तुम्ही ओरडणार नाही ना?"

मी म्हटलं, "कोण तू? बापाचं नाव काय?"

तोंडातून निघून गेलं. जन्माची सवय. पलीकडे एकदम शांत झालं. फक्त पंख्याचा आवाज आणि लांब कोणीतरी म्हणालं, 'कट कर, कट कर.' त्या शांततेत मला ती गाडी दिसली. मागची सीट. थंडगार एसी.

मी म्हटलं, "कट करू नकोस. अम्मा नाही, मी तिचा अण्णा आहे. ती चिंधी मी शिवलीय. बोल."

ती रडत सांगायला लागली. मित्र जमिनीवर पडलाय. अंग तव्यासारखं. दातखीळ बसल्यासारखी. दोघं पळून गेले. एक म्हणतोय झोपू दे.

"श्वास आहे?"

"आहे. घरघर वाजतोय."

"अँब्युलन्सला फोन केलास?"

"पोलीस आले तर? तात्ता, तुम्ही ओरडाल का?"

"ओरडेन," मी म्हटलं. "उद्या ओरडेन. आधी त्याला कुशीवर वळव."

नंतर मी काय काय बोललो ते सगळं तुझं होतं. इतकी वर्षं कानावर पडलेलं, नको नको म्हणत ऐकलेलं. तोंडात काही घालू नकोस. पाणी पाजू नकोस. कपडे सैल कर, ओला टॉवेल मानेवर, काखेत ठेव. जो झोपू दे म्हणतोय त्याच्या हातातला फोन घे, त्यावरून अँब्युलन्स बोलाव, पत्ता सांग, काय घेतलं ते खरं सांग. मी इथेच आहे. मी ठेवत नाही. तिनं मला तिचं नाव सांगायला सुरुवात केली आणि मीच तिला थांबवलं. म्हटलं, नाव राहू दे, त्याच्या छातीकडे बघ, वरखाली होतेय का ते सांगत राहा.

ती सांगत राहिली. मी 'हं' म्हणत राहिलो. इस्त्रीवाला चहा घेऊन आला, माझं तोंड बघून कप ठेवून निघून गेला. मग पलीकडे दार आपटलं, मोठी माणसं बोलली, कोणीतरी म्हणालं, बाजूला व्हा. फोन कट झाला.

पुढे काय झालं मला माहीत नाही. नंबर माझ्यासमोर आहे. लावायला बोट जातं आणि मी ते मागे घेतो. तिच्या शेजारी आता तिची आई बसली असेल. पोलीस बसले असतील. नाहीतर कोणीच नसेल. कोणास ठाऊक.

पोलिसांचं मला अजूनही तेच वाटतं. सेक्रेटरीनं पुन्हा बोलावलंय, तिथेही मी तेच बोलणार. तू हवी होतीस, खाली बसवायला.

तुझ्या फोनची बॅटरी म्हातारी झालीय, सारखी चार्जिंगला लावावी लागते. दुकानात प्लग एकच, मागच्या भिंतीला, आणि वायर आखूड. बाबांनी मशीन जिथे ठेवलं होतं तिथून मी ते आजपर्यंत हलवलं नव्हतं. काल इस्त्रीवाल्याला हात लावायला लावून भिंतीशी नेलं. आता उजेड चुकीच्या बाजूनं येतो आणि माझी सावली टाक्यावर पडते. शिलाई थोडी वाकडी जाईल. जाऊ दे.